ठरलेला बेत आणि मोडलेला शब्द

मुलांचे वारंवार पोट दुखणे ही बालरोगतज्ज्ञाकडे येणारी नित्याची तक्रार आहे. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. किमान तीन महिन्यांत किमान तीनदा, आणि रोजच्या व्यवहारात अडथळा यावा इतके तीव्र पोट दुखणारी मुले त्यांना दहांमागे साधारण एक या प्रमाणात आढळली. अशा बहुतेक मुलांच्या पोटात शोधूनही रोग सापडत नाही. तरीही दुखणे खरे असते, मूल सोंग करीत नसते. आतडी आणि मेंदू यांच्यात संदेशांची ये-जा अखंड चालू असते आणि मनावरचा ताण त्याच वाटेने पोटात उतरतो.

या ताणाचे मूळ आपण सहसा परीक्षेत, शिक्षकांच्या धाकात किंवा घरातल्या भांडणात शोधतो. ते योग्यच आहे. परंतु मोठ्यांना क्षुल्लक वाटणारे आणखी एक कारण मुलांच्या बोलण्यातून वरचेवर पुढे येते. जिवलग मित्राने आपल्याशी ठरवलेला बेत आयत्या वेळी मोडलेला असतो, आणि तोही दुसऱ्या कुणासाठी. या दुखण्याचे स्वरूप काय, कोणत्या वयात ते अधिक बोचते आणि पालकांनी अशा वेळी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिरमोड निराळा, डावलले जाणे निराळे

बेत दोन प्रकारे मोडतो. मित्राला ताप आला, त्याच्या घरी पाहुणे आले किंवा आजी पाय घसरून पडली, तर तो अडचणीमुळे मोडतो. मूल खट्टू होते, थोडा वेळ धुसफुसते आणि सावरते. मात्र मित्र धडधाकट आहे, मोकळा आहे आणि आपल्याऐवजी दुसऱ्याबरोबर गेला आहे, हे कळते तेव्हा तो बेत निवडीमुळे मोडलेला असतो. पहिल्या प्रसंगात मुलाची एक संध्याकाळ वाया जाते. दुसऱ्यात त्याच्या मनात तुलना सुरू होते. त्याच्यापुढे आपण कमी पडलो का, हा प्रश्न मुलाला छळू लागतो.

माणसाला डावलले जाणे किती लवकर लागते, यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी बराच अभ्यास केला. त्याचे मूळ एका साध्या अनुभवात होते. बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बीची तबकडी त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तेव्हा त्या दोघांनी त्यांनाही खेळात घेतले. थोड्याच वेळात दोघांनी तबकडी आपापसातच फेकायला सुरुवात केली. अनोळखी माणसांकडून झालेली ही उपेक्षाही आपल्याला किती लागली, याचे विल्यम्स यांना आश्चर्य वाटले. त्यातूनच पुढे संगणकावर चेंडू फेकण्याचा एक खेळ त्यांनी प्रयोगासाठी तयार केला. त्यात एका खेळाडूला काही फेकींनंतर चेंडू मिळेनासा होतो. समोर माणसे नसून संगणकच खेळतो आहे, असे आधी सांगितले तरीही लोकांना वाईट वाटते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

याच खेळाचा उपयोग करून नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी २००३ मध्ये मेंदूच्या चित्रणाचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. शारीरिक वेदनेच्या वेळी मेंदूचा जो भाग कार्यरत होतो, तोच डावलले गेल्यावरही कार्यरत झालेला त्यांना दिसला. अर्थात प्रयोगात अवघे तेरा जण होते आणि मेंदूचा तो भाग इतरही अनेक कामे करतो. त्यामुळे या निष्कर्षाला फार ताणू नये, असे नंतरच्या अभ्यासकांनी बजावले आहे. डॉक्टर म्हणून आपल्यापुरता बोध मात्र पुरेसा स्पष्ट आहे. अनोळखी माणसाने चेंडू टाकला नाही म्हणून प्रौढांना वाईट वाटत असेल, तर जिवलग मित्राने पाठ फिरवल्यावर दहा वर्षांच्या मुलाचे काय होत असेल, याचा विचार व्हायला हवा.

वय आणि मैत्री

हे दुखणे सर्व वयांत सारखे नसते. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलमन यांनी मुलांच्या मैत्रीच्या कल्पनेच्या पायऱ्या मांडल्या आणि १९८० मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला या क्षणी जो शेजारी खेळतो, तो मित्र. तो उठून गेला तर दुसरा चालतो. पुढे आपल्याला हवे ते करणारा तो मित्र, अशी एकतर्फी कल्पना येते. सात-आठ वर्षांच्या सुमारास देवघेव कळू लागते, पण ती जमेल तोवरची असते. त्यानंतर एकमेकांशी गुपिते बोलणारी, एकमेकांची काळजी वाहणारी मैत्री येते. या पायरीवर मैत्रीला मालकीची भावना चिकटलेली असते. तू माझा मित्र, म्हणून दुसऱ्याचा नाहीस, असा तिचा हिशेब असतो. मित्राला दुसरेही मित्र असू शकतात आणि त्यामुळे आपले काही उणे होत नाही, ही समज त्याच्याही पुढची आहे. ती किशोरवयात हळूहळू येते. काहींना तर ती प्रौढपणीही पुरती येत नाही.

म्हणजे साधारण नऊ ते तेरा-चौदा हा काळ सर्वांत नाजूक. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी या वयातल्या एका जिवलग मित्राला फार महत्त्व दिले आहे. दुसऱ्याचे सुख आपल्या सुखाइतकेच मोलाचे वाटण्याचा पहिला अनुभव मूल इथे घेते, असे त्यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी म्हटले आहे. जेफ्री पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये किशोरवयीन मुलांतील मैत्रीच्या मत्सराचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा मत्सर मुलींत आणि स्वतःविषयी कमीपणाची भावना असलेल्या मुलांत अधिक आढळला. तेव्हा एकाच प्रसंगाने एक मूल दोन दिवसांत सावरते आणि दुसरे महिनाभर झुरते, यात नवल नाही.

आपल्या बेळगावात या वयात आणखी एक गोष्ट घडते. सातवी संपली की अनेकांची शाळा बदलते. कुणी मराठी माध्यमातच पुढे जाते, कुणी इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये जाते. गल्लीतली जोडी तीच राहते, पण शिकवणीचे वर्ग, बस आणि वर्गमित्र वेगळे होतात. जुन्या मित्राशी ठरवलेला बेत नव्या मित्रासाठी मोडण्याचे प्रसंग या वळणावर साहजिकच वाढतात. त्यातला प्रत्येक प्रसंग म्हणजे विश्वासघात नव्हे. आठवीतला मुलगा नव्या वर्गात आपली जागा शोधत असतो आणि त्या धडपडीत जुन्या मित्राला गृहीत धरतो.

एका किल्ल्याची गोष्ट

उदाहरण म्हणून एक प्रसंग देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दिवाळीनंतर दहा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. तीन आठवड्यांपासून रोज सकाळी बेंबीभोवती दुखत होते. सुटीच्या दिवशी दुखणे कमी असे. वजन, उंची, भूक, शौच सारे ठीक होते. तपासणीतही काही आढळले नाही. त्याला कपडे नीट करायला सांगता सांगता मी सहज विचारले, "यंदा किल्ला कुठला केलास रे?"

तो गप्प राहिला. आई म्हणाली, "चार पाट्या लाल माती आणून टाकलीय की दारात, डॉक्टर. ती तशीच पडलीय."

मग तुकड्यातुकड्यांनी सारे बाहेर आले. शेजारच्या मित्राबरोबर प्रतापगड करायचे गणेशोत्सवापासून ठरले होते. दगड जमवले होते, पोती मागून आणली होती, उतारावर पेरायला मोहरी आणली होती. सुटी लागल्याच्या दिवशी हा मित्राला बोलवायला गेला, तर मित्र गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या मुलांच्या किल्ल्यावर पाण्याच्या बादल्या वाहताना दिसला. त्या किल्ल्याला विजेच्या माळा होत्या आणि कारंजेही होते. "मला सांगितलंच नाही त्यानं," एवढे एकच वाक्य त्या मुलाने स्वतःहून उच्चारले.

हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. मित्र दुसऱ्या किल्ल्यावर गेला, ही त्याची मुख्य तक्रार नव्हती. आपल्याला सांगितले नाही, ही होती. इथेच पालकांना आणि डॉक्टरांना धरून चालण्याजोगा धागा सापडतो. मित्रावर आपला मालकीहक्क नसतो. त्याने कुणाशी खेळावे, हे त्याचे त्याने ठरवायचे. परंतु त्याने आपल्याला शब्द दिलेला असेल, तर त्या शब्दाविषयी विचारण्याचा हक्क आपल्याला नक्की असतो. मुलाच्या मनात या दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. त्या वेगळ्या करून देणे हेच मोठ्यांचे काम आहे.

तीन प्रश्न

त्यासाठी मुलाला तीन साधे प्रश्न विचारावेत. पहिला, हे पहिल्यांदाच घडले की नेहमी घडते? दुसरा, बेत मोडल्याचे मित्राने स्वतः सांगितले की दुसऱ्याकडून कळले? तिसरा, त्याने नंतर पुन्हा भेटायचे, दुसरा दिवस ठरवायचे काही म्हटले का?

एकदाच घडले, त्याने स्वतः सांगितले आणि दुसरा दिवसही सुचवला, तर मैत्रीला काही झालेले नाही. मुलाला वाईट वाटू द्यावे आणि विषय संपवावा. एकदाच घडले पण लपवले, तर बोलायला हवे. बहुतेक मुले मित्राला दुखवायचे म्हणून लपवत नाहीत. समोरच्याचा राग झेलण्याची हिंमत नसते, म्हणून लपवतात. वारंवार घडते, दर वेळी दुसऱ्याकडून कळते आणि मित्र कधीच नवा दिवस सुचवत नसेल, तर मात्र आपले मूल त्याच्यासाठी दुसरे कुणी नसताना लागणारे माणूस झाले आहे. हे मुलाला एका दमात सांगू नये. उत्तरे ऐकता ऐकता बहुतेक वेळा त्याचे त्यालाच उमगते.

काय बोलावे, कसे बोलावे

मित्राशी बोलायचे मुलानेच. पालकांनी ते घरी एक-दोनदा बोलून बघायला मदत करावी. वाक्य लहान असावे. उदाहरणार्थ, "तू त्यांच्याबरोबर गेलास त्याचं काही नाही. पण आपलं ठरलं होतं आणि तू मला सांगितलं नाहीस, ते मला आवडलं नाही." यात मित्राच्या निवडीला मोकळीक आहे आणि मोडलेल्या शब्दाचा उल्लेख स्पष्ट आहे. "तू नेहमीच असं करतोस" किंवा "जा, त्यांच्याकडेच जा" अशी वाक्ये टाळावीत. पहिले बहुधा खरे नसते आणि दुसरे ऐकून मित्र खरोखरच जातो.

हे बोलणे दोघेच असताना, एक-दोन दिवसांत आणि शक्यतो समोरासमोर व्हावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मुळीच नको. पूर्वी मित्र दुसऱ्यांबरोबर फिरायला गेला, तरी ते कळायला सोमवार उजाडावा लागे. आता त्याच संध्याकाळी स्टेटसवर छायाचित्र झळकते आणि आपल्याला वगळून जमलेली मंडळी मूल अंथरुणात पडल्या पडल्या पुन्हापुन्हा पाहत राहते. अशा रात्री फोन आईवडिलांच्या खोलीत ठेवलेला बरा. शिक्षा म्हणून तो काढून घेऊ नये, झोपेसाठी घ्यावा आणि तसे मुलाला सांगावे.

बोलून झाले की थांबावे. मित्र लगेच माफी मागेलच असे नाही. वरील प्रसंगातल्या मुलाने शाळा सुरू झाल्यावर मित्राला विचारले. मित्र म्हणाला, "तू रागावशील म्हणून नाही सांगितलं." तेवढ्यावर सारे पूर्ववत झाले नाही. दोघे पुन्हा एका बाकावर बसू लागले, पण हा मुलगा गल्लीतल्या आणखी दोघांबरोबरही क्रिकेट खेळू लागला. सकाळचे पोट दुखणे तीन-चार आठवड्यांत कमी होत होत थांबले. औषध कोणतेही दिले नव्हते. आईवडिलांना दुखणे खरे असल्याचे समजावून दिले होते आणि पोट दुखले तरी शाळा बुडवायची नाही, एवढेच ठरवले होते.

नंतरचे बेत कसे ठरवावेत, हेही मुलाला शिकवता येते. शब्द वारंवार मोडणाऱ्या मित्राशी मैत्री तोडण्याची गरज नसते. पण ज्या कार्यक्रमावर आपले सारे मन लागले आहे, तो त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नये. त्यात तिसऱ्या-चौथ्यालाही घ्यावे, म्हणजे एक जण न आल्याने कार्यक्रम बुडत नाही. पार्कर आणि स्टीव्हन अ‍ॅशर यांच्या १९९३ च्या अभ्यासात वर्गात लोकप्रिय असणे, एखादा मित्र असणे आणि त्या मैत्रीचा दर्जा या तिन्हींचा मुलांच्या एकटेपणाशी स्वतंत्र संबंध आढळला. म्हणजे मुलाचा मित्रपरिवार मोठा असलाच पाहिजे असे नाही. एखादा भरवशाचा मित्र असला, तरी त्याचे मोल फार आहे.

पालकांनी काय टाळावे

"एवढंसं काय त्यात?" असे म्हणू नये. मुलाला ते एवढेसे वाटत असते, तर त्याचे पोट दुखले नसते. दुसरे, मित्राच्या आईला लगेच फोन लावू नये. मुलांचे भांडण दोन दिवसांत मिटते, आयांचे दोन वर्षे चालते. तिसरे, "तो तसलाच आहे, मी आधीच सांगत होते" असे बोलू नये. आठ दिवसांत दोघे पुन्हा एकत्र येतात आणि पुढच्या वेळी दुखावलेले मूल तुमच्याकडे येत नाही, कारण मित्राकडे परत गेल्याबद्दल त्याला तुमची लाज वाटते. चौथे, लगेच नवे खेळणे किंवा बाहेरचे खाणे देऊन दुःख झाकू नये. थोडा वेळ शेजारी बसावे, ऐकावे आणि "वाईट वाटणारच" एवढे म्हणावे. पुष्कळदा तेवढे पुरते.

दुसऱ्या बाजूच्या घरी

कधी ना कधी आपले मूलही बेत मोडणारे असते, आणि त्याच्या पालकांचे काम अधिक अवघड आहे. अधिक आकर्षक आमंत्रण आले, की मुलाला मोह होणारच. आधी दिलेला शब्द पाळावा, हा पहिला नियम. खरोखरच मोडायचा असेल तर स्वतः सांगावे, वेळेआधी सांगावे, खरे कारण सांगावे आणि दुसरा दिवस ठरवावा. आईने फोनवर "त्याला बरं नाही" असे सांगून मुलाला दुसऱ्याच्या वाढदिवसाला पाठवले, तर मुलाने त्या दिवशी दोन धडे घेतलेले असतात.

स्मरणिकेचे बहुतेक वाचक डॉक्टर आहेत, म्हणून आपल्या घरांविषयीही थोडे लिहायला हवे. डॉक्टरांच्या मुलांना मोडलेल्या बेतांची सवय असते. निघण्याच्या वेळी प्रसूतिगृहातून बोलावणे येते, नवजात बाळ रडलेले नसते आणि ठरलेले जेवण राहून जाते. कारण नीट सांगितले, तर ही अडचण मुले आश्चर्य वाटावे इतक्या समंजसपणे स्वीकारतात. पण तोच बेत एखाद्या मेजवानीसाठी, किंवा नाही म्हणवत नाही अशा परिचितासाठी मोडला आणि कारण मात्र 'इमर्जन्सी' सांगितले, तर ते मुलांच्या लक्षात येते. पुढच्या खऱ्या इमर्जन्सीवरचा त्यांचा विश्वासही मग उणावतो. दुसऱ्याचा शब्द म्हणजे काय, हे मूल मित्राच्या आधी आपल्याकडून शिकते.

केव्हा सावध व्हावे

पोटदुखी मनाच्या ताणाची आहे, असे तपासणीशिवाय ठरवू नये. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, घटणारे वजन, खुंटलेली वाढ, ताप, शौचावाटे रक्त, हिरवी उलटी किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काहीही असेल तर शारीरिक आजाराचा शोध घेतलाच पाहिजे. मनाच्या बाजूनेही काही खुणा पाहाव्यात. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप व जेवण बिघडले असेल, शाळेत जाण्यास साफ नकार देत असेल, किंवा एका मित्राऐवजी सारा गटच ठरवून त्याला वगळत व चिडवत असेल, तर तो मैत्रीतला रुसवा राहिलेला नसतो. अशा वेळी शाळेशी आणि बालमानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर ती थट्टेवारी नेऊ नये, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्यात लावलेला असावा.

सुदैवाने बहुतेक मुलांना इतके दूर जावे लागत नाही. मित्र दुसऱ्याकडे वळला तरी आपली किंमत कमी होत नाही, आणि शब्द मोडला गेला तर न रागावता त्याबद्दल विचारता येते, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले. पुढच्या आयुष्यात सहकारी, भागीदार, नातेवाईक असे अनेक जण आपल्याशी ठरवलेले बेत दुसऱ्यांसाठी मोडणार असतात. ते प्रसंग कसे निभवायचे, याची तालीम दहाव्या वर्षी, गल्लीतल्या मित्राबरोबर, आईवडील जवळ असताना झाली, तर ती आयुष्यभर उपयोगी पडते.